जास्तीचा हर्डल

रेवती,

तुझ्या शोकसभेत मी बोलले नाही. चौघे बोलले आणि चौघांनीही तुला खेळाडूंची माउली करून टाकलं. तू असतीस तर शेजारच्या खुर्चीवरून मला कोपर मारून म्हणाली असतीस, "यांना आया आहेत घरी. मी कामाला येते." माझं नाव पुकारलं तेव्हा मी घसा बसल्याची खूण केली. घसा ठणठणीत होता. पण तुझ्या कपाटाची किल्ली माझ्या पर्समध्ये होती, आणि ती तिथं असताना तुझ्याबद्दल चार चांगले शब्द बोलणं मला जमणार नव्हतं.

किल्ली आदल्या दिवशी अनिलनी दिली. शनिवार पेठेतलं तुमचं दोघांचं घर माणसांनी भरलं होतं, म्हणून आम्ही जिन्यात उभे राहून बोललो. तुझ्या स्वतःच्या नोंदी, त्या नावांऐवजी खुणा असलेल्या, त्यांनी तू सांगितल्याप्रमाणे तुझ्या जुन्या सरांकडे पोचवल्या होत्या. राहिलं होतं मैदानावरचं कपाट, मुलं तुझ्याकडे बसून लिहायची त्या वह्यांचं.

"तिनं सांगून ठेवलं होतं," अनिल म्हणाले. "मला काही झालं तर ते वैजूकडे."

"माझ्याकडेच का?" मी विचारलं. मला वाटलं, आता काहीतरी ऐकायला मिळेल. बारा वर्षं मी ज्याची वाट पाहत होते असं काहीतरी.

"सगळ्या पोरांची घरं तुम्हालाच माहीत आहेत, म्हणाली."

झालं. वीस वर्षांच्या ओळखीनंतर तुझं माझ्याबद्दलचं शेवटचं मत काय, तर हिला पत्ते ठाऊक आहेत.

आता फोनचं सांगते. तू गेलीस गुरुवारी पहाटे. बुधवारी संध्याकाळी तुझा फोन आला तेव्हा मी रिलेच्या मुलांकडून बॅटन बदलायचा सराव करून घेत होते. एका हातात स्टॉपवॉच, दुसऱ्यात शिट्टी. फोन वाजून बंद झाला. मग तुझा मेसेज आला : 'सनाबद्दल बोलायचंय. आज.' मी लिहिलं : 'उद्या करते.' तू कधी 'आज' लिहीत नाहीस, हे माझ्या लक्षात आलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी, अनिलचा फोन ठेवल्यावर.

आपली सना. सतरा वर्षांची, आठशे मीटर. राज्याच्या संघाची निवड चाचणी सव्वादोन आठवड्यांवर होती आणि महिनाभर तिची वेळ घसरत चालली होती. मंगळवारी ती तुझ्याकडे बसली होती. बुधवारी तुला माझ्याशी 'आज' बोलायचं होतं. मंगळवारी काय बोलणं झालं हे सांगू शकणारी दोनच माणसं होती. एक गेलं होतं. दुसरं माझ्यासमोर रोज ट्रॅकवर धावत होतं आणि तोंड उघडत नव्हतं. आणि तिसरी एक वही होती, जिची किल्ली माझ्याकडे होती.

त्या वहीपर्यंत येण्याआधी तुझी खोली आठवते. तू पहिल्यांदा मैदानावर आलीस तेव्हा क्लबनं तुला ऑफिसशेजारची केबिन दिली होती, बाहेर 'क्रीडा मानसशास्त्रज्ञ' अशी पाटी लावून. दोन महिन्यांत एक मूल आत गेलं नाही. वेड्यांच्या डॉक्टरकडे शिरताना दिसायला कोण तयार होणार? मला वाटलं, बाई कंटाळून जाईल. तू पाटी काढलीस आणि सामानाच्या खोलीत दोन खुर्च्या टाकल्यास. भाले, थाळ्या, गोळे, लाइनी आखायच्या फक्कीची पोती, अडथळा शर्यतीचे हर्डल. तिथं जाणारा सामान आणायला गेलेला असतो, त्याला कोणी हसत नाही. आणि म्हणूनच बाहेर येताना प्रत्येकाला काहीतरी उचलून आणावं लागायचं. बहुतेक जण हर्डल आणायचे, कारण ते दाराशीच असायचे. हर्डलचा सराव नसलेल्या दिवशी ट्रॅकच्या कडेला एकटा हर्डल उभा दिसला, की मी समजायचे, आज कोणीतरी बोललं. पवारमामा तो संध्याकाळी परत आत नेऊन ठेवायचे. एका दिवशी तीन निघाले तेव्हा ते मला म्हणाले, "म्याडम, आज पोरांनी लईच सामान काढलंय." मैदानाची निगा राखणाऱ्या माणसालाही कळत होतं, आणि तोही कधी कोणाला बोलला नाही. तू काय शिकवलंस असं कोणी विचारलं तर मी हे सांगेन.

पदाधिकारी दर शिबिरात तुझ्या मागे लागायचे, "मॅडम, पोरांना जरा चेतवा." तू म्हणायचीस, "काडेपेटी आणलेली नाही." गोळाफेकीतला तो धिप्पाड मुलगा आठवतो? प्रत्येक स्पर्धेआधी ओकायचा. त्याचे वडील म्हणाले, याची भीती काढा. तू म्हणालीस, "भीती राहू दे, आपण ओकायची वेळ ठरवू." आणि खरंच ठरवून दिलीस. नाव पुकारण्याच्या पंचवीस मिनिटं आधी. पोरगा गेला, ओकला, चूळ भरली, गोळा टाकायला आला. मी तेव्हा खूप हसले होते. पुढच्या मोसमात माझ्या दोन मुलींना मी तेच सांगितलं, तुझं नाव न घेता.

माझ्या कामाबद्दल मात्र तुझं मत फार चांगलं नव्हतं. एकदा तू तासभर कठड्यावर बसून माझा सराव ऐकलास आणि नंतर म्हणालीस, "वैजू, तासाभरात तू एकच प्रश्न विचारलास. अकरा वेळा."

"कोणता?"

"'कळलं का?' आणि तो प्रश्न नसतो."

मी म्हटलं, "माझ्याकडे चाळीस पोरं आहेत आणि दीड तास. प्रश्न तू विचार." विनोद म्हणून म्हटलं. तू हसली नाहीस.

कारण तोवर केतकीचं होऊन गेलं होतं. त्याबद्दल आपण कधी सरळ बोललो नाही, म्हणून आता बोलते. केतकी पंधरा वर्षांची होती, पंधराशे मीटर पळायची. तिला पळणं सोडायचं होतं. फक्त वडिलांसाठी पळत होती. तिला विचारून तू मला एवढंच सांगितलंस : "पंधरा दिवस तिला मोकळं ठेव. तिचं तिला ठरवू दे." आणि मी घरी जाऊन तिच्या वडिलांना फोन केला. मला ते शहाणपणाचं वाटलं. घरच्यांना माहीत असावं, गुंता राहू नये. दुसऱ्या दिवशी ते मैदानावर आले आणि सगळ्यांसमोर तिला विचारू लागले, एवढी वर्षं पहाटे उठून तुला इथं कोणी आणलं? केतकीनं पायातले स्पाइक्स काढले, लाइनीवर नीट ठेवले आणि अनवाणी गेटबाहेर गेली. परत आली नाही. माझ्याकडे नाही आणि तुझ्याकडेही नाही.

तू ओरडली नाहीस. ओरडली असतीस तर भांडण होऊन संपलं असतं. तू फक्त मला सांगणं बंद केलंस. चहा पीत होतो, बसच्या सीटवर शेजारी बसून स्पर्धांना जात होतो, माझ्या आईच्या आजारपणात तू दवाखान्यात बसलीस. पण मुलांबद्दल एक शब्द नाही. मी चिडून म्हणायचे, "मी यांना आंधळेपणानं पळवतेय." तू म्हणायचीस, "डोळे आहेत तुला."

वह्या मी पहिल्यांदा पाहिल्या त्या त्यानंतर. त्या आणि त्यांच्यावरच्या पट्ट्या माझ्यामुळे आल्या, असं मला इतकी वर्षं वाटत होतं. तसं नव्हतं, पण ते पुढं. तपकिरी कव्हरची वही, मूल स्वतः लिहिणार, उठताना वहीच्या तोंडावर कागदाची पट्टी डिंकानं चिकटवणार आणि पट्टीवर सही करणार. पुढच्या वेळी तेच फाडणार. मी विचारलं होतं, "डिंक कशाला, चिकटपट्टी नाही का?" तू म्हणालीस, "चिकटपट्टी काढून परत लावता येते." बोलताना तू माझ्याकडे बघितलं नव्हतंस. तरी मला लागलं.

आणि तीन अपवाद. प्रत्येक मुलाला पहिल्याच दिवशी सांगायचीस : कोणी तुला इजा करत असेल, तू स्वतःला करत असशील, किंवा दुखणं लपवून पळत असशील, तर मी योग्य माणसाला सांगणार. पण सांगणार आहे हे आधी तुला सांगणार.

तू गेल्यावर मी या तीन वाक्यांभोवती फिरत राहिले. धोक्याचं काही असतं तर तू मला सांगितलं असतंस. पण तू सांगायलाच फोन केला होतास! की केला होतास दुसऱ्याच कशासाठी, चाचणीच्या दिवशी तिला शेवटचा अर्धा तास एकटीला बसू दे, असं काहीतरी सांगायला?

तू म्हणशील, सनाला विचारायचंस. विचारलं होतं. शुक्रवारी, सराव सुरू होण्याआधी. "सगळं ठीक ना?" "हो मॅडम." त्यापुढे काय विचारतात ते मला येत नव्हतं. आणि भीती होती. खोलात शिरले आणि तिनंही स्पाइक्स काढून लाइनीवर ठेवले तर?

म्हणून मी तेच केलं जे मला येतं. सराव एक दिवसापलीकडे बंद ठेवला नाही. शुक्रवारी सनाला चारशेच्या सहा फेऱ्या दिल्या. प्रत्येक फेरीनंतर ती कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघायची. राग नव्हता त्यात. वाट पाहिल्यासारखं बघायची. मला वाटलं, दुःख आहे, दुसरं काय. पाचव्या फेरीत ती फारच मागे पडली तेव्हा मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "सना, रेवतीताईंना हे असं ढेपाळलेलं आवडलं नसतं." हे वाक्य मी लिहून ठेवतेय, कारण ते कुठंतरी लिहिलेलं राहायला हवं. तिनं सहावी फेरी पूर्ण केली.

सोमवारी कपाट उघडलं. वह्या घरी आणल्या. मंगळवारी दुपारी सनाची वही घेऊन मी स्वयंपाकघरात गेले. डिंक वाफेवर सुटतो, रेवती. तू मानसशास्त्र शिकलीस, मी शाळेत असताना पाकिटांवरची तिकिटं काढायचे. पातेल्यात पाणी ठेवलं, वाफ धरली, वही तिरकी करून पट्टी वर आणली. डाव्या बाजूचा कोपरा वळला. सनाच्या सहीतला पहिला 'स' उचलला गेला.

तेवढ्यात फोन वाजला. या वेळी मी घेतला.

"मॅडम, फराह बोलतेय, सनाची मम्मी. बिझी आहात का?" मागे खराडीच्या ऑफिसातला गोंगाट होता. "सना घरी काही बोलतच नाहीये. जेवते, रूममध्ये जाते, डोअर लावते. रेवती मॅडमच्या त्या नोटबुक्स तुमच्याकडे आल्यात ना? मला तिची द्या प्लीज."

"वही सनाची आहे. तिला देणार आहे."

"आणि तिनं मला दाखवलीच नाही तर?"

"तर नाही दाखवली."

"मॅडम, मी आई आहे तिची. काही झालं तर मी कोणाला विचारू?" तिचा आवाज चढला नाही, खाली गेला. "तुम्ही तरी वाचलीय का?"

समोर वाफ येत होती. "नाही," मी म्हटलं. शब्दशः ते खरं होतं.

फोन ठेवला आणि गॅस बंद केला. मला साक्षात्कार वगैरे झाला नाही. दुसरीला ज्या गोष्टीसाठी नाही म्हटलं ती तिसऱ्या मिनिटाला आपण करायची, हे मला जमेना, इतकंच. कोपरा बोटानं दाबून पाहिला. बसला नाही.

मग मी पत्ते माहीत असलेल्या बाईचं काम केलं. तीन दिवस सरावानंतर गाडी काढून वह्या पोचवल्या. कोणी दारातच छातीशी धरली, कोणी न बघता दप्तरात टाकली. भालाफेकवाल्या एकानं विचारलं, "मॅडम, आता डिंक कोण देणार?" मी त्याला म्हटलं, दुकानात मिळतो. सनाची मी मागे ठेवत गेले. त्या दिवसांत तिनं आणखी दोनदा फेऱ्या मारल्या. शेवटी दोनच उरल्या : तिची, आणि सगळ्यात खाली, रबरबँडही सडून गेलेली, केतकीची.

म्हणजे पट्टीचा डिंक माझ्यामुळे आला नव्हता. केतकीच्या वहीवरही तो होता. बारा वर्षं मी ते स्वतःला लावून घेतलं. तुला विचारलं असतं तर एका वाक्यात कळलं असतं. नाही विचारलं.

शनिवारी सकाळी नारायण पेठेत गेले. तिच्या वडिलांचं चष्म्याचं दुकान आता ती चालवते. शटर नुकतंच वर गेलं होतं, ती काउंटरची काच पुसत होती. मला पाहून फडकं थांबलं नाही.

"काय मॅडम, नंबर वाढला?"

"रेवती गेली."

"पेपरात वाचलं."

मी वही काउंटरवर ठेवली. पट्टी पिवळी पडली होती, तिच्यावर पंधरा वर्षांच्या मुलीची गोल गोल सही. केतकीनं ती दिव्याखाली धरली आणि भिंगाची कड तपासावी तशी फिरवून फिरवून पाहिली.

"उघडलेली नाही."

"नाही."

"बारा वर्षांत एवढं तरी शिकलात."

मी म्हटलं, "तुझ्या बाबांना तेव्हा फोन केला, ते माझं चुकलं." हे वाक्य मी गाडी लावताना तीनदा म्हणून पाहिलं होतं. तिथं ते निम्म्या आवाजात आलं.

ती फडक्याची घडी घालत राहिली. "फोनचं मला एवढं नाही. कधीतरी कळणारच होतं त्यांना. पण मी रोज दोन तास तुमच्यासमोर असायचे. माझं काय चाललंय हे तुम्ही बाबांना विचारलंत. मला नाही विचारलंत."

"विचारलं असतं तर सांगितलं असतंस?"

"काय माहीत. आता ते मलाही कळायचं नाही आणि तुम्हालाही." मग घड्याळाकडे बघून म्हणाली, "बाबा अकराला येतात. त्याआधी आलात ते बरं केलंत."

म्हणजे निघा. निघाले. पुण्यात याला निरोप म्हणतात.

त्याच संध्याकाळी सनाला सामानाच्या खोलीत बोलावलं. तुझ्या दोन्ही खुर्च्या तशाच आहेत. मी बसले नाही, भाल्यांच्या स्टँडला टेकून उभी राहिले. ती दारात थांबली. मी वही पुढे केली. तिचं लक्ष थेट कोपऱ्यावर गेलं.

"हे काय?"

"वाफेवर धरली होती. मंगळवारी. तेवढं सुटल्यावर थांबले."

"वाचलीत?"

"नाही."

"का थांबलात?"

"तुझ्या मम्मीचा फोन आला."

तिच्या तोंडावर हसू येता येता राहिलं. मला माहीत होतं की आता 'कळलं का' छापाचं काही बोलले तर संपलं. मी म्हटलं, "रेवतीताईंनी बुधवारी मला फोन केला होता. तुझ्याबद्दल बोलायचंय असा मेसेज केला होता. मी फोन घेतला नाही, आणि गुरुवारी त्या गेल्या. काय सांगणार होत्या मला?"

ती दारातून आत आली.

"फोन घेतलाच नाहीत?"

"नाही."

"म्हणजे तुम्हाला माहीतच नाही?"

"नाही, सना."

ती तुझ्या खुर्चीवर बसली. वही मांडीवर, दोन्ही हात वहीवर. "मॅडम, मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे."

मग तिनं सांगितलं. महिनाभर उजवी नडगी दुखतेय. आधी पळून झाल्यावर दुखायची, मग पळताना, आता जिना उतरतानाही. नानीच्या गुडघ्यांच्या गोळ्या ती सरावाआधी गुपचूप घेत होती. मंगळवारी तुला सांगितलं. तू म्हणालीस, हे तिसऱ्या अपवादात येतं, मला वैजयंती मॅडमना सांगावं लागेल, तू सांगतेस की मी? ती म्हणाली, तुम्ही सांगा, मला भीती वाटते.

"ताई म्हणाल्या, उद्या फोन करते. मग मॅडम तुला पळू देणार नाहीत, तू रडशील. रड. आणि शुक्रवारी मी आले तर तुम्ही मला सहा रिपीट दिल्यात." ती शांतपणे बोलत होती, तेच अवघड होतं. "मी प्रत्येक राउंडनंतर तुमच्याकडे बघत होते, आता थांबवतील, आता थांबवतील. मग वाटलं, माहीत असून पळवतायत म्हणजे एवढं सीरियस नसेल. मग वाटलं, नाही, यांना फक्त ट्रायल हवीय. आणि मग तुम्ही ते बोललात. ताईंना आवडलं नसतं."

मी तिच्यासमोर खाली बसले आणि नडगीच्या आतल्या कडेवरून अंगठा फिरवला. एका जागी, बोटाच्या पेराएवढ्या, मी दाबलं आणि ती खुर्चीवरून उठली. तिथूनच फराहला फोन लावला. "निघा," म्हटलं. "घाबरू नका, पण निघा. सना तुम्हाला स्वतः सांगेल."

एक्स-रेत काही दिसलं नाही. एमआरआयत दिसलं. हाडाला बारीक तडा. डॉक्टर म्हणाले, आणखी काही दिवस अशीच पळत राहिली असती तर ट्रॅकवरच पाय मोडला असता. आता सहा ते आठ आठवडे पळणं बंद. निवड चाचणी उद्या आहे. सना जाणार नाही. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी कुबडी घेऊन मैदानावर आली आणि न विचारता माझ्या हातातलं स्टॉपवॉच घेतलं. "तुम्ही पॉइंट वन उशिरा दाबता," म्हणाली.

आता आपलं राहिलेलं भांडण. मंगळवारी मी ती वही उघडली असती तर तिचे पुढचे दोन सराव टळले असते. तुझा नियम मोडला असता आणि तिचं हाड वाचलं असतं. यावर बोल. तू म्हणशील, पहिल्या दिवशी नीट विचारलं असतंस तर वहीची गरजच नव्हती. आणि मी म्हणेन, तुझ्यासारखं विचारायला मला कोणी शिकवलं नव्हतं, बारा वर्षं तू शेजारी बसून गप्प होतीस. तू म्हणशील, तू विचारलं नाहीस. हे असं दोन दिवस चाललंय माझ्या डोक्यात. मी तुझीही बाजू मांडतेय, हे लक्षात घे. तू माझी कधी मांडली नाहीस.

आणि मी तो फोन घेतला असता तर? तिथं भांडायला कोणी नाही. ते माझं एकटीचं आहे.

रागावलेय मी तुझ्यावर, ते जाईल असं वाटत नाही. पण वीस वर्षांत तुझ्या खोलीतून बाहेर आलेलं एकही मूल असं म्हणालं नाही की ताईंनी माझं कोणाला सांगितलं. सना त्या दिवशी माझ्याशी बोलली ती तुझ्या जिवावर. मला तिनं ओळखलं नव्हतं. तुझ्या खुर्चीला ओळखत होती.

एक सांगायचं राहिलं. त्या संध्याकाळी बोलून झाल्यावर, फराह पोचायच्या आधी, सना उठली, लंगडत दारापर्यंत गेली आणि सवयीनं तिचा हात हर्डलला गेला.

"ठेव तो," मी म्हटलं.

"पण मॅडम, मग बाहेर सगळ्यांना..."

"ठेव. मी नेते."

हर्डल उचलला. वाटतो त्यापेक्षा जड असतो गं. चाळीस जोडी डोळ्यांसमोरून नेऊन ट्रॅकच्या कडेला उभा केला. पवारमामा नळी गुंडाळत होते, ते थांबले.

"म्याडम, आज हर्डल नाहीत ना?"

"नाहीत."

"मग हा कोणी काढला?"

"मी," म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि नळी गुंडाळायला लागले. अंधार पडल्यावर तो परत आत नेऊन ठेवला त्यांनी, दाराशी, नेहमीच्या जागी.